देहाशीं मैत्री

श्रोतेहो, आपल्या घरांत जेवणाच्या वेळीं, कापडाच्या दुकानांत किंवा लग्नाच्या मांडवांत अगदीं सहज बोललीं जाणारीं कांहीं वाक्यें आहेत. “पोरगी जरा जाडच आहे.” “मुलगा नुसता काडीपहिलवान आहे.” “रंग थोडा उजळ असता तर बरें झालें असतें.” बोलणारा बोलून विसरतो, ज्याच्याविषयीं बोललें जातें तें मूल मात्र विसरत नाहीं. तीसाहून अधिक वर्षें मीं शाळेंत मुलांना शिकविलें आहे. वर्गांत शेवटच्या बांकावर अंग चोरून बसणारा मुलगा पुष्कळदां गणिताला भ्यालेला नसतो; तो स्वतःच्या अंगाला लाजलेला असतो. पूर्वीं या लाजेला घरचा आरसा आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या जिभा एवढेंच निमित्त होतें. आतां प्रत्येकाच्या खिशांत मोबाइल आहे, आणि त्यांतून दिवसभर दुसऱ्यांचीं घोटून-सजवून घेतलेलीं छायाचित्रें आपल्या मुलांच्या डोळ्यांपुढें येत असतात.

या लाजेवर उपाय म्हणून व्यायाम सांगण्याची पद्धत आहे. उपाय खोटा नाहीं; परंतु व्यायाम दोन प्रकारच्या मनांनीं करतां येतो. एक मन म्हणतें, “हें शरीर वाईट आहे, त्याला शिक्षा केली पाहिजे.” दुसरें म्हणतें, “हें शरीर माझें आहे, त्याच्याकडून काय काय होतें तें पाहूं या.” पहिल्या मनानें जोर-बैठका काढणारा माणूस कितीहि पुष्ट झाला तरी आरशासमोर दुःखीच राहतो. दुसऱ्या मनाला मी खेळाडूचें मन म्हणतों. महाराष्ट्राच्या गेल्या दीडशें वर्षांच्या व्यायामाच्या इतिहासांत या दोन्ही मनांचा प्रवास दिसतो, आणि त्याचाच थोडा मागोवा आज घ्यावयाचा आहे.

आपल्याकडील मल्लविद्या पुष्कळ जुनी. बाराव्या शतकांतील चालुक्य राजा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथांत मल्लांचें प्रकरणच आहे. त्यांत वय, अंगलट आणि बळ पाहून मल्लांचे वर्ग पाडले आहेत; त्यांनीं कोणता व्यायाम करावा आणि काय खावें हेंहि सांगितलें आहे. म्हणजे सगळ्यांनीं एकाच मापाचें व्हावें अशी अपेक्षा त्या ग्रंथकारानें केली नाहीं. जें शरीर समोर आहे, त्याला साजेल असा अभ्यास त्यानें नेमून दिला.

हीच दृष्टि पुढें तालमींत टिकून राहिली. कोल्हापूर, सांगली, सातारा या भागांतील तालमी ज्यांनीं पाहिल्या असतील त्यांना हौद्यांतील तांबडी माती आठवत असेल. ती माती चाळून तींत तेल, ताक, हळद घालून मऊ केलेली असते. पैलवान हौद्यांत उतरतांना मातीला हात लावून नमस्कार करतो. नवा पोरगा आला म्हणजे वस्ताद त्याचा चेहरामोहरा पाहत नाहीं. त्याची कमर, मांड आणि दम पाहतो. उंच पोराला एक डाव, बुटक्या व भरीव पोराला दुसरा. कुणाच्या अंगाला ढाक साधते, कुणाच्या अंगाला पट. ज्या आंखुडपणाला घरीं हंसलें गेलें, तोच तेथें पायांत शिरण्याच्या कामीं येतो. शिवाय तालमींतील पहिला धडा जिंकण्याचा नसून पडण्याचा असतो. रोज दहा वेळां मातींत पडून दहा वेळां उठणाऱ्या मुलाला आपलें अंग हें काचेचें भांडें नाहीं, हें कुणी वेगळें समजावून द्यावें लागत नाहीं. मेहनत झाल्यावर एका गड्यानें दुसऱ्याचें अंग रगडून द्यावयाचें, मग खुराक आणि मग झोंप. विश्रांति हाहि तेथें व्यायामाचाच भाग मानला जातो.

मल्लखांबाची गोष्ट याहून बोलकी आहे. दुसऱ्या बाजीरावाच्या पदरीं असलेल्या बाळंभटदादा देवधर यांनीं या विद्येला नवें रूप दिलें, असें परंपरा सांगते. एरंडेल लावून गुळगुळीत केलेल्या लांकडी खांबावर स्वतःचेंच वजन स्वतःच्या अंगानें पेलावयाचें असतें. येथें धिप्पाड देहाचा उपयोग फारसा नाहीं. हलकें, लवचिक, किंबहुना किरकोळ दिसणारें अंग येथें राजा ठरतें. हौद्यांत जो मागें पडला तो खांबावर पुढें गेला, असें अनेक तालमींतून घडलें. एकाच आवारांत दोन तऱ्हेच्या देहांना मान मिळे, आणि कोणता देह चांगला हा प्रश्न ‘कशासाठीं’ हें विचारल्यावांचून सुटतच नसे.

मात्र या परंपरेला सोंवळें ठेवूनहि चालणार नाहीं. तालीम ही पुरुषांची जागा होती. बायकांच्या वाट्याला श्रम आले, व्यायाम आला नाहीं. तालमीचें दार ज्यांना खुलें होतें त्यांतहि खुराक परवडणारे थोडे. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनीं कुस्तीला उदार राजाश्रय दिला आणि खासबागेचें मैदान उभारलें, तेव्हां कोठें गरिबाघरच्या पोरांना मल्लविद्येवर पोट भरण्याची वाट मोकळी झाली. हें मैदान १९१२ सालचें.

इंग्रजी शिक्षण आलें आणि देहाकडे पाहण्याच्या दृष्टींत फरक पडला. दिव्याच्या उजेडांत घोकणारा, चष्मा लावणारा, पाठींत वांकलेला विद्यार्थी हा विद्वत्तेचा नमुना मानला जाऊं लागला. या समजुतीला पहिला ठळक अपवाद बाळ गंगाधर टिळकांचा. १८५६ सालीं जन्मलेले टिळक मॅट्रिक होऊन डेक्कन कॉलेजांत गेले तेव्हां त्यांची प्रकृति किरकोळ होती. त्यांनीं कॉलेजांतील पहिलें वर्ष अभ्यास मागें सारून कुस्ती, पोहणें आणि होडी वल्हविणें यांना दिलें. परीक्षेच्या दृष्टीनें तें वर्ष वायां गेलें असें कुणी म्हणेल. परंतु पुढें मंडालेच्या तुरुंगांत सहा वर्षें काढण्याइतका चिवटपणा त्या देहांत होता, हें सर्वांना ठाऊक आहे. येथें एक गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे. टिळकांनीं शरीर कमावलें तें दाखविण्यासाठीं नव्हतें. पुढें बरेंच काम करावयाचें आहे, आणि तें याच देहाकडून करून घ्यावयाचें आहे, एवढाच हिशेब त्यामागें होता.

दाखविण्याचें शरीर याच सुमारास युरोपांत जन्माला येत होतें. प्रशियांत १८६७ सालीं जन्मलेला युजेन सँडो हा त्याचा प्रवर्तक. तो बलवान होता यांत शंका नाहीं. पण त्याची कीर्ति पसरली ती छायाचित्रांनीं. प्राचीन ग्रीक पुतळ्यांच्या थाटांत उभें राहून त्यानें आपलें अंग लोकांना दाखविलें. १९०१ च्या सप्टेंबरांत लंडनच्या आल्बर्ट हॉलमध्यें त्यानें देहसौष्ठवाची मोठी स्पर्धा भरविली. तिच्या परीक्षकांत एक शिल्पकार होता, आणि शेरलॉक होम्सच्या कथांचे कर्ते कॉनन डॉइल हे दुसरे. कोण किती धांवतो किंवा काय उचलतो याऐवजीं कोण कसा दिसतो याला बक्षीस मिळालें. सँडो पुढें हिंदुस्थानांतहि येऊन गेला, आणि त्याच्या डंबेल्सचें वेड आपल्या सुशिक्षित तरुणांना लागलें. आज मोबाइलवर चालतो तो व्यापार त्याच दुकानाची मोठी शाखा आहे.

हें वेड लागलेल्यांत औंधचे अधिपति भवानराव पंतप्रतिनिधि हेहि होते. १८६८ ते १९५१ असें दीर्घ आयुष्य लाभलेले हे राजेसाहेब स्वतः चित्रकार व कीर्तनकार. तरुणपणीं त्यांनीं सँडोचीं साधनें आणून मोठ्या निष्ठेनें मेहनत केली. पुढें तीं बाजूला ठेवून ते सूर्यनमस्काराकडे वळले. त्यांचा युक्तिवाद साधा होता. नमस्काराला साधन लागत नाहीं, खर्च लागत नाहीं, दोन हात लांबीची जागा पुरते, आणि तो लहान-थोर, स्त्री-पुरुष सर्वांना घालतां येतो. त्यांनीं आपल्या संस्थानांतील शाळांतून नमस्कार सुरू केले, त्यांवर पुस्तक लिहिलें, आणि १९३८ सालीं लंडनमध्यें त्या विषयावरील त्यांचें इंग्रजी पुस्तकहि प्रसिद्ध झालें. एका राजानें शेंकडों मुलामुलींना रोज सकाळीं आपल्या देहाशीं दहा-पंधरा मिनिटें घालवावयास लावलें, हें त्यांचें मोठें काम. नमस्कार घालतांना समोर आरसा नसतो. आपला श्वास आपल्याला ऐकूं येतो, कालपर्यंत जमिनीला न टेकणारा तळवा आज टेकला हें आपल्यालाच कळतें, आणि त्याला दुसऱ्याची साक्ष लागत नाहीं.

विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन दशकांत महाराष्ट्रांत आणि बडोद्यास व्यायामाच्या संस्था एकामागून एक उभ्या राहिल्या. बडोद्याच्या जुम्मादादा व्यायाममंदिरांत प्रोफेसर माणिकराव यांनीं शिष्यांची परंपरा घडविली. अमरावतीस वैद्य बंधूंनीं १९१४ सालीं हनुमान व्यायामशाळा सुरू केली. तीच पुढें हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ म्हणून देशभर गाजली. १९२४ सालीं पुण्यास महाराष्ट्रीय मंडळ आणि लोणावळ्यास कैवल्यधाम, १९२५ सालीं दादरला समर्थ व्यायाम मंदिर, असा क्रम आहे. कैवल्यधामाचे स्वामी कुवलयानंद हे माणिकरावांचेच शिष्य. आसनांनीं शरीरांत नेमकें काय घडतें हें क्ष-किरण व प्रयोगशाळा यांच्या साह्यानें तपासण्याचा उद्योग त्यांनीं आरंभिला. बडोद्यास द. चिं. मुजुमदार यांनीं ‘व्यायाम ज्ञानकोशा’चे दहा खंड मराठींत काढले. देहाविषयीं आपल्या भाषेंत एवढा पसारा मांडला गेला, याचा आपल्याला अभिमान वाटावा.

परंतु इतिहासाला दुसरीहि बाजू असते. १९३६ सालीं बर्लिन येथें ऑलिंपिक सामने भरले. अमरावतीच्या मंडळाचें पथक तेथें गेलें आणि त्यानें आपल्या देशी खेळांचीं प्रात्यक्षिकें करून वाहवा मिळविली. आपल्या व्यायामाच्या इतिहासांत हें पान सोन्याचें मानलें जातें, व तें तसें आहेहि. पण ज्या राजवटीनें तो सोहळा मांडला होता ती बलिष्ठ, गोऱ्या, निर्दोष देहाची पूजा करणारी होती. त्या पूजेचा अर्थ काय होता तें पुढें उघड झालें. तिनें १९३३ सालींच कायदा करून ज्यांना ती सदोष ठरवी अशा माणसांचें सक्तीनें निर्बीजीकरण सुरू केलें होतें. अशा माणसांची संख्या सुमारें चार लक्षांवर गेली. १९३९ पासून तर अपंग व मनोरुग्ण यांना ठार मारण्याचें कामच सरकारी कचेऱ्यांतून चाललें. सुंदर देहाचा अतिरेकी अभिमान वाढत वाढत कोठवर जातो, याचें हें उदाहरण विसरतां कामा नये. ज्याला एकाच मापाचा देह पूज्य वाटतो, त्याला इतर मापांचे देह हळूहळू अडगळ वाटूं लागतात. आपल्या घरांतील टोमणा आणि ती कचेरी यांत अंतर पुष्कळ आहे, हें खरें; दोन्हींचें मूळ मात्र एकाच जातीच्या मोजपट्टींत आहे.

याच राजवटीच्या छळामुळें १९३९ सालीं लुडविग गुटमन नांवाचे एक ज्यू डॉक्टर जर्मनी सोडून इंग्लंडला गेले. मज्जासंस्थेच्या विकारांत ते निष्णात होते. १९४४ सालीं स्टोक मँडेव्हिल येथील रुग्णालयांत पाठीचा कणा दुखावलेल्या सैनिकांचा विभाग त्यांच्याकडे आला. त्या काळीं अशा रुग्णांकडून कसली आशा धरीत नसत. अंथरुणाला खिळून, पाठीला व्रण पडून बहुतेक जण दोनएक वर्षांत मरत. गुटमन यांनीं त्यांना दर दोन तासांनीं कूस बदलून दिली, उठून बसविलें, आणि मग हातांत चेंडू व धनुष्य दिलें. २९ जुलै १९४८ रोजीं लंडनमध्यें ऑलिंपिकचें उद्घाटन होत होतें, त्याच दिवशीं स्टोक मँडेव्हिलच्या हिरवळीवर चाकांच्या खुर्च्यांत बसलेल्या सोळा माजी सैनिकांनीं तिरंदाजीची स्पर्धा केली. त्यांत दोन स्त्रिया होत्या. त्यांतूनच १९६० सालीं रोम येथें पहिले पॅरालिंपिक सामने भरले.

आतां आपल्या सांगली जिल्ह्याकडे वळूं. १ नोव्हेंबर १९४४ रोजीं पेठ इस्लामपूर येथें मुरलीकांत पेटकर यांचा जन्म झाला. लहानपणीं कुस्ती, पुढें सैन्यांत भरती, आणि तेथें मुष्टियुद्धांत नांव. दोन पायांवर नाचत लढण्याचा हा खेळ. १९६५ च्या युद्धांत त्यांना गोळ्या लागल्या आणि कमरेखालचें शरीर पांगळें झालें. वीस वर्षांच्या, देहाच्याच बळावर ओळखल्या जाणाऱ्या तरुणावर याहून मोठा आघात कोणता? मुंबईच्या नौदलाच्या रुग्णालयांत उपचाराचा भाग म्हणून त्यांना पाण्यांत उतरविण्यांत आलें. पाण्यांत पायांचा भार उरत नाहीं; खांदे आणि बाहू पुढें नेतात. पेटकर पोहूं लागले. १९६८ सालीं तेल अवीव येथील पॅरालिंपिकमध्यें ते टेबल टेनिस खेळले. १९७२ सालीं हे सामने जर्मनींत हायडेलबर्ग येथें भरले. तेथें पन्नास मीटर मुक्त शैलीच्या शर्यतींत पेटकरांनीं ३७.३३ सेकंदांत अंतर कापून सुवर्णपदक मिळविलें. तो जागतिक उच्चांक होता. पॅरालिंपिक असो वा ऑलिंपिक, भारताचें वैयक्तिक असें हें पहिलें सुवर्णपदक.

श्रोतेहो, स्थळ पाहा आणि काळ पाहा. ज्या देशानें छत्तीस वर्षांपूर्वीं निर्दोष देहाचा उत्सव करून पांगळ्या देहाला जगण्याचा हक्कच नाकारला होता, त्याच देशांत सांगली जिल्ह्यांतील एका पांगळ्या शिपायानें जगाला मागें टाकलें. तेथून हांकलल्यासारख्या निघून गेलेल्या डॉक्टरानें सुरू केलेल्या खेळांतच हें घडलें, आणि तें पाहावयास ते डॉक्टर तेव्हां हयात होते. पेटकरांना सरकारनें २०१८ सालीं ‘पद्मश्री’ दिली. अर्जुन पुरस्कार तर त्यांना वयाच्या ऐंशीव्या वर्षीं, २०२५ च्या जानेवारींत मिळाला. एवढा उशीर कां झाला हा प्रश्न आपण स्वतःला विचारावा. पदक जिंकणारा देह जर सँडोच्या पुतळ्यासारखा असता, तर इतकीं वर्षें आपल्याला त्याचा विसर पडला असता काय?

पेटकरांच्या आधींचे दुसरे एक नांव आपल्या परिचयाचें आहे. कऱ्हाडजवळील गोळेश्वर येथील खाशाबा जाधव. कुस्ती त्यांच्या घरांतच होती. १९४८ सालीं लंडनला ते सर्वांत हलक्या वजनाच्या गटांत सहावे आले. तेथें कुस्ती मातीवर नव्हती, गादीवर होती, आणि नियमहि निराळे होते. पुढील चार वर्षें त्यांनीं त्या नव्या कुस्तीचा अभ्यास केला. १९५२ सालीं हेलसिंकीला जाण्यासाठीं पैसे नव्हते, तेव्हां गांवकऱ्यांनीं वर्गणी काढली आणि राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनीं घर गहाण ठेवून मदत केली. खाशाबांनीं कांस्यपदक आणलें. स्वतंत्र भारताचें तें पहिलें वैयक्तिक ऑलिंपिक पदक. हें पदक सत्तावन्न किलो वजनाच्या गटांतील आहे, हें मी मुद्दाम सांगतों. रस्त्यानें जातांना लोक मान वळवून पाहतील असें तें शरीर नव्हतें. आपल्या अंगांत चपळाई आहे हें त्यांनीं ओळखलें होतें, आणि तिच्यावरच त्यांनीं आपली कुस्ती उभी केली.

त्याच हेलसिंकीला वांद्र्याची मेरी डिसूझा धांवली. स्वतंत्र भारताच्या स्त्रिया ऑलिंपिकला गेल्या तो हा पहिलाच प्रसंग. त्या काळीं मुलीनें आंखुड चड्डी घालून चारचौघांत धांवावें ही कल्पनाहि पुष्कळ घरांना सोसण्यासारखी नव्हती. तेथपासून पुढें आलें म्हणजे नाशिक जिल्ह्यांतील सावरपाड्याची कविता राऊत भेटते. आदिवासी पाड्यावरील ही मुलगी अनवाणी धांवत मोठी झाली, आणि २०१० सालीं दिल्लीच्या राष्ट्रकुल सामन्यांत दहा हजार मीटर शर्यतींत तिनें कांस्यपदक मिळविलें. त्या सामन्यांत धांवण्याचें वैयक्तिक पदक मिळविणारी ती पहिली भारतीय स्त्री. सातारा जिल्ह्यांतील माण या दुष्काळी तालुक्यांतल्या मोही गांवची ललिता बाबर २०१६ सालीं रिओ येथें अडथळ्यांच्या तीन हजार मीटर शर्यतीच्या अंतिम फेरींत धांवली आणि दहावी आली. या मुलींचे सडसडीत पाय, उन्हानें रापलेला वर्ण, हाडापेरानें दिसणारे खांदे लग्नाच्या बाजारांत उणे धरले गेले असते. शर्यतीच्या मैदानावर मात्र तेंच त्यांचें भांडवल ठरलें.

येथवर ऐकून कुणी म्हणेल, “म्हणजे खेळांत पडलें कीं देहाची लाज आपोआप जाते.” तसें मात्र नाहीं. खेळहि देहाला वैरी बनवूं शकतो. २०२४ च्या ऑगस्टांत पॅरिस येथें विनेश फोगाट ही हरियाणाची मल्ल पन्नास किलोच्या गटांत अंतिम फेरीला पोंचली. दुसऱ्या दिवशीं सकाळीं तिचें वजन शंभर ग्रॅमनें अधिक भरलें आणि ती बाद झाली. आदल्या रात्रीं तिनें अन्नपाणी तोडलें, घाम काढला, केस कापले. सारें व्यर्थ गेलें. आपल्याकडेहि लंगोटबंद पोरें वजनाच्या कांट्यासाठीं दोन दोन दिवस पाणी तोडतात, आणि शहरांतल्या व्यायामशाळांतून दंड फुगावेत म्हणून सुया टोंचून घेणारे तरुण आहेत. ही शिक्षेची मनोवृत्ति आहे. तिनें पदकाचा वेष घेतला एवढेंच. म्हणून मी खेळाडू आणि खेळाडूचें मन यांत भेद करतों. हें मन दुसऱ्याशीं तुलना न करतां आपल्याच कालच्या दिवसाशीं करतें. हरल्यावर अंगाला शिव्या न देतां चूक शोधतें. दुखलें तर थांबतें. भूक लागली तर लाज न धरतां जेवतें. अशा मनाचे लोक पदक मिळविणाऱ्यांत असतात, तसे रोज दोन मैल चालणाऱ्या आजीबाईंतहि असतात.

आमचें राजोडी हें वसई-विरारच्या पश्चिमेस, समुद्राकांठचें गांव. या पट्ट्यांत जाळीं ओढणारे, वाड्यांना पाणी लावणारे, भाजीची टोपली डोक्यावरून बाजाराला नेणारे लोक पिढ्यान् पिढ्या राहिले. त्यांना व्यायाम हा शब्द कधीं लागला नाहीं. आज सकाळीं सुरूच्या बनांतून नवीं वसाहतींतलीं माणसें पळतांना दिसतात. २०११ सालीं वसई-विरार महानगरपालिकेनें मॅरेथॉन सुरू केल्यापासून लांब अंतर धांवणें हें आमच्या भागांत ओळखीचें झालें आहे. हें चांगलेंच आहे. पण श्रम आणि व्यायाम यांत एक भेद आहे. व्यायाम करणारा दमला म्हणजे थांबतो आणि वर खुराक घेतो. श्रम करणाऱ्याला दमल्यावरहि थांबतां येत नाहीं. आपल्या घरांत भांडीं घांसणाऱ्या बाईचा आणि सर्वांच्या मागून उरलेलें जेवणाऱ्या गृहिणीचा देह या दुसऱ्या जातींत मोडतो. देहाचा आदर शिकवावयाचा असेल तर त्याची सुरुवात या दोघींना वेळेवर जेवण आणि दुपारीं घटकाभर पाठ टेकावयास मिळण्यापासून करावी. हें ज्या घरांत मुलगी रोज पाहते, तेथें तिला ‘स्वतःवर प्रेम कर’ असें शब्दांनीं सांगण्याची गरज फारशी पडत नाहीं.

शाळांनींहि एक गोष्ट सुधारावी. परीक्षा जवळ आली कीं खेळाचा तास गणिताला देण्याची प्रथा सर्वत्र आहे. त्याहून वाईट म्हणजे खेळाच्या तासाला लंगडणाऱ्या मुलाला चपला आणि दप्तरें राखावयास बसवितात, आणि लठ्ठ मुलाला गुण लिहावयास. तें बिचारें निमूटपणें बसतें, आणि आपलें अंग हें राखण करण्याच्या लायकीचें आहे असें शिकून घरीं जातें. पेटकरांना पाण्यांत उतरवितांना त्या रुग्णालयांतल्या कुणीतरी एवढेंच पाहिलें असेल, कीं पाय गेले, खांदे शाबूत आहेत. प्रत्येक मुलाचें कांहीं ना कांहीं शाबूत असतें. एकाचा नेम, एकाचा दम, एकाचा तोल, एकाची लवचिकता. तें शोधून काढणें हें शिक्षकाचें काम आहे, आणि त्याला पगाराखेरीज अधिक खर्च येत नाहीं.

घरांतल्या वडील माणसांना माझी विनंती फार लहान आहे. संध्याकाळीं मूल खेळून आलें म्हणजे “किती काळवंडलास” किंवा “वजन कमी झालें कां” असें न विचारतां “आज काय जमलें” असें विचारावें. पहिल्या दिवशीं तें कांहीं सांगणार नाहीं. पण रोज तोच प्रश्न ऐकून तें एक दिवस सांगेल, कीं आज दोरीवरून पन्नास उड्या झाल्या, विहिरींत पहिला सूर मारला, टेकडी न थांबतां चढलों. त्या दिवशीं त्याच्या बोलण्यांत देहाविषयींची लाज नसेल आणि घमेंडहि नसेल. चांगल्या मित्राविषयीं माणूस ज्या सुरांत बोलतो, तो सूर असेल. आपण तेवढ्यापुरतें हातांतलें काम बाजूला ठेवावें आणि ऐकावें.